टाकीतली सरळ रेषा

आमच्याकडे मुलाच्या बापाने एकट्याने जाऊन मुलगी मागितली, तर लोक त्याला वेडा समजतात किंवा नुकताच परदेशातून आलेला. मुलगी मागायला जाहा लागते. जाहा म्हणजे सुटातले वीस-पंचवीस पुरुष आणि त्यांच्यापुढे चालणारा एक वजनदार माणूस, शक्यतो माजी मंत्री. अम्मानमध्ये त्याची टंचाई नाही. इथे कुठल्याही गच्चीवरून खडा भिरकावला तर तो पाण्याच्या टाकीला लागतो, नाहीतर माजी मंत्र्याला.

खरं तर सगळं आधीच ठरलेलं असतं. बायकांनी काही महिने आधी ठरवलेलं असतं; जाहा ते पुरुषांना अधिकृतपणे कळवण्यापुरती. वजनदार माणसापुढे कडू कॉफीचा पेला येतो. तो पेला ओठाला न लावता खाली ठेवतो, भाषण करतो आणि शेवटी म्हणतो, मागणी मान्य झाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही. मुलीचा बाप म्हणतो, ‘प्या कॉफी, जे मागायला आलात ते मिळालं.’ मग कॉफी, मग आतल्या खोलीतून बायकांच्या किलकाऱ्या, मग चीजचा, वर पाक ओतलेला गरम गोड कुनाफा. कॉफी पडून राहिल्याच्या गोष्टी मी फक्त ऐकल्या होत्या. त्या गोष्टींतली घराणी अजून एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

बिशरच्या जाहेत मी होतो, कारण मी तळमजल्यावर राहतो आणि माझ्याकडे सूट आहे. प्रवास फार नव्हता. बिशरचं घर तिसऱ्या मजल्यावर, मुलीचं त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर. पण जाहा मुलाच्या घरून निघाली पाहिजे, म्हणून मंत्रीसाहेबांना गाडीतून उतरवून आधी तीन मजले चढवलं, खुर्चीत बसवून दम खाऊ दिला आणि मग एक मजला उतरवलं. लिफ्ट आमच्या इमारतीत नाही. ते कोणत्या खात्याचे मंत्री होते हे कोणाला नक्की आठवत नव्हतं आणि विचारणं वाईट दिसलं असतं.

मुलगी म्हणजे रनीम. मुलींच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. हे तिच्या घरातच आहे. तिचे वडील अबू मुंतसर यांनी तीस वर्षं मुलांच्या शाळेत गणितच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, समोर मुलं नसल्यामुळे, इमारतीला शिकवायला घेतलं. जिन्यात भेटले की ते ‘कसे आहात’ विचारत नाहीत. ‘गेल्या आठवड्यापेक्षा कसे आहात’ विचारतात.

बिशर औषधांच्या दुकानात असतो. स्वभावाने गरीब, उठायला उशिरा. रनीमने त्याच्यात काय पाहिलं हे मला विचाराल तर सांगता येणार नाही, पण तिने पाहिलं होतं आणि ती एकदा पाहिलेलं पुन्हा तपासत बसत नाही.

त्या दुपारी, शुक्रवारच्या नमाजानंतर, अबू मुंतसरांच्या दिवाणखान्यात आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. मंत्रीसाहेबांपुढे पेला आला. त्यांनी तो खाली ठेवला. भाषण केलं. दोन्ही घराण्यांची थोरवी सांगितली; नावं फक्त कागदावर बघून घेतली. शेवटी म्हणाले, “अबू मुंतसर, आम्ही तुमची कन्या रनीम आमच्या बिशरसाठी मागायला आलो आहोत. मान्य झाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही.”

आत बायका श्वास घेऊन किलकारीच्या तयारीत होत्या. अबू मुंतसर उठले.

“कॉफी राहू द्या,” ते म्हणाले. “आधी एक आलेख बघा.”

बिशरच्या काकांना आम्ही पाशा म्हणतो. ते निवृत्त कर्नल आहेत. ते माझ्या कानाशी लागले. “मी सरहद्द सांभाळलीय, दोन बायका सांभाळल्यात. पण मुलगी मागताना आलेख नाही बघितला कधी.”

अबू मुंतसरांनी सोफ्यामागून एक ग्राफ पेपर काढला. मोठा, चार कागद चिकटवून केलेला. तो त्यांनी मंत्रीसाहेबांच्या पुढ्यात, कॉफीच्या पेल्याशेजारी पसरला.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं, सोमवारी. त्या दिवशी अख्खी गल्ली कपडे धुते, फरशा पुसते, पोरांना घासते आणि गच्चीवरच्या टाक्या भरून घेते. प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी वेगळी. ती पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. संपली तर टँकर बोलवायचा आणि गल्लीभर नाव करून घ्यायचं. म्हणून इथे शेजाऱ्याच्या बायकोकडे बघितलं तर भांडण होतं, पण शेजाऱ्याच्या टाकीकडे बघितलं तर पोलीस येतात.

अबू मुंतसरांची टाकी दोन महिने शनिवारीच तळ दाखवत होती. बायकोला विचारलं, तिने तुम्हीच नमाजाआधी पाच वेळा हातपाय धुता, वुजू करता म्हणून सांगितलं. मग त्यांनी शास्त्रीय पद्धत अवलंबली. गेल्या आठवड्यात घरच्या सगळ्यांना इर्बिदला बहिणीकडे पाठवलं, स्वयंपाकघरातला पाण्याचा कॉक घट्ट बंद केला आणि स्वतः गच्चीवर छत्री, खुर्ची आणि खुणा केलेला झाडूचा दांडा घेऊन बसले. जेवण फलाफलच्या गाडीवर, वुजू मशिदीत, बाकीचं सगळंही मशिदीत. मंगळवारपासून शनिवारपर्यंत. दर दोन तासांनी दांडा टाकीत बुडवायचा आणि ओल कुठवर आली ते लिहायचं. रात्री घड्याळाचा गजर लावून.

“हा तक्ता,” ते आता म्हणाले आणि कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. “मंगळवारी सकाळी आठला ब्याण्णव सेंटीमीटर. दहाला एक्क्याण्णव. बाराला नव्वद. दोनला एकोणनव्वद. घरात माणूस नाही, कॉक बंद, थेंब वापरलेला नाही. तरी दर दोन तासांना एक सेंटीमीटर. न चुकता. मी बिंदू मांडले, रेष काढली. समीकरण सांगू? क्ष म्हणजे किती तास झाले, य म्हणजे किती पाणी उरलं. य बरोबर ब्याण्णव वजा क्ष भागिले दोन. चढ उणे अर्धा.”

“उतरतंय तर चढ कसा?” मंत्रीसाहेबांनी मनापासून विचारलं.

“गणितात उतरणाऱ्या रेषेलाही चढच असतो. ऋण असतो.”

“आमच्या खात्यातही तसंच होतं,” मंत्रीसाहेब म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

“मुद्दा काय आहे, अबू मुंतसर?” हे बिशरचे वडील. अबू बिशर. त्यांचं लोकरीचं दुकान आहे आणि आवाज मुळातच मऊ आहे. तो त्या क्षणी फार मऊ झाला.

“मुद्दा असा की तासाला अर्धा सेंटीमीटर पाणी कोणीतरी नेतंय. माझ्या टाकीच्या शेजारी टाकी कोणाची? तुमची. हिवाळ्यात न्हाणीघर फोडून नवीन पाइप कोणी टाकले? तुम्ही. ऑगस्टमध्ये अम्मानमध्ये माणसं सुकतात, पण गच्चीवर तुमच्या घरचा पुदिना गुडघ्याएवढा आलाय. मी मुलगी द्यायला तयार आहे. पण ती पाण्याच्या चोराच्या घरात जाणार असेल तर मला आधी कळू द्या.”

पुढे जे झालं त्याला आवाज म्हणणं कमी होईल. पंचवीस सूट एकदम उभे राहिले. आतल्या खोलीतून बिशरच्या आईचा आवाज भिंत फोडून आला. “पुदिना? माझा पुदिना? तांदूळ धुतलेलं पाणी घालते मी त्याला! हातपाय धुतलेलं पाणी घालते! तुझ्या टाकीतलं घातलं असतं तर केव्हाच जळून गेला असता तो, तुझ्या जिभेसारखा!”

बिशर पांढरा पडला होता. नवरदेवाने अशा वेळी बोलायचं नसतं, आणि हा नियम त्याला फार सोयीचा पडत होता. अबू बिशर हळूच म्हणाले, “पाशा, चल. कॉफी प्यायची नाही. उठा सगळे.”

ते दारापर्यंत गेले असते तर गोष्ट संपली असती. एकाच जिन्याने उतरणारी, एकाच गच्चीवर कपडे वाळत घालणारी दोन बिऱ्हाडं जन्मभर तोंड फिरवून राहिली असती, आणि बिशर-रनीमला एकमेकांची खबर माझ्याकडून घ्यावी लागली असती. मी त्या कामाला योग्य नाही.

“बसा जरा,” कोणीतरी म्हणालं.

रनीम आतल्या दारात उभी होती. जाहा बसलेली असताना मुलीने पुरुषांत यायचं नसतं. ती आली नाही, उंबऱ्यावर थांबली. हातात कुनाफ्यावर ओतायच्या पाकाचं भांडं तसंच होतं.

“बाबा, तो कागद मला दाखवला नव्हतात.”

“तुझ्या लग्नाचा विषय आहे. तुला कशाला दाखवू?”

“बरोबर,” ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात दोन बायकांनी पुढे महिनाभर चघळावं इतकं काही होतं. “आता लांबूनच विचारते. रेष सरळ आहे?”

“सरळ?” अबू मुंतसरांचा चेहरा उजळला. पोटच्या पोरीने इतका नेमका प्रश्न विचारल्यावर बाप किती वेळ रागावून राहणार? “पट्टी लाव! एक बिंदू पट्टीबाहेर गेला तर मिशा उतरवीन.”

“पहाटेचे बिंदू?”

“पट्टीवर.”

“गेल्या शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचे?”

“तेही.”

“शुक्रवारी नमाजाला अबू बिशर काका कुठे होते?”

पाशांनी उत्तर दिलं. “याच्या शेजारी होता! सजद्यात कपाळ टेकताना याचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं, म्हणून मला घरी येऊन सांगत होता.”

“माणूस पाणी चोरतो तेव्हा माणसासारखं चोरतो,” रनीम म्हणाली. “सकाळी जास्त, दुपारी झोपला की नाही, पाहुणे आले की बादली बादली. त्याची रेष जिन्यासारखी निघते, एक पायरी उतरते, मग सपाट, मग पुन्हा पायरी. हा चोर झोपत नाही, जेवत नाही, नमाजाला जात नाही, मॅच बघत नाही. असा माणूस या इमारतीत आहे का?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नव्हता.

“पंप असेल,” अबू मुंतसर म्हणाले, पण आवाजात ब्याण्णववाला जोर राहिला नव्हता. “विजेचा लहान पंप. लावून दिला की चालतो.”

“बुधवारी दुपारभर गल्लीत वीज नव्हती. फलाफलवाल्याचा फ्रिज बंद पडला म्हणून तुम्ही त्या दिवशी उपाशी राहिलात, आत्यांना फोनवर सांगत होतात. बुधवारी दुपारी रेष कुठे थांबलीय?”

अबू मुंतसर कागदावर वाकले. बोटाने बुधवार गाठला. बुधवारची दुपारही पट्टीवरच होती.

“मग टाकीला भोक आहे,” मंत्रीसाहेब म्हणाले. पेचप्रसंगात काहीतरी निष्कर्ष काढायची त्यांना सवय होती.

“नाही साहेब,” रनीमने पाकाचं भांडं शेजारच्या तिपाईवर ठेवलं. आता तिचे हात मोकळे झाले, आणि गणिताच्या माणसाचे हात मोकळे झाले की तो थांबत नाही. “आठवीत मी बाटलीला बुडाशी भोक पाडून दाखवते. बाटली भरलेली असते तेव्हा धार लांब जाते. पाणी कमी झालं की वरचा भार कमी होतो, धार गळते, शेवटी थेंब थेंब. मुली दर मिनिटाला उंची लिहितात. पहिल्या मिनिटाला बरंच उतरतं, मग कमी, मग आणखी कमी. ती रेष वाकते, साहेब. सुरुवातीला घसरते आणि मग आडवी पडत जाते. टाकीला भोक असतं, तर ब्याण्णववरून निम्म्यावर येईपर्यंत बाबांची रेष वाकली असती. ही वाकली नाही.”

“म्हणजे भोक नाही?”

“आहे. पण टाकीत नाही, टाकीच्या फार खाली आहे. इतकं खाली, की वर वीतभर पाणी कमी झालं काय आणि दोन वीत झालं काय, भोकावरच्या भारात फरक जाणवतच नाही. बाबा, तुम्ही कॉक कुठला बंद केलात?”

“स्वयंपाकघरातला.”

“टाकीच्या तोंडाशी असलेला नाही.”

“तो गंजलाय. फिरत नाही.” मग अबू मुंतसरांनी डोळे मिटले. तीस वर्षांत त्यांनी फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसत असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “जुना फाटा,” ते पुटपुटले.

इमारत पूर्वी एकाच कुटुंबाची होती. आज जी अबू मुंतसरांची टाकी आहे, तिच्यातून एक पाइप डक्टमधून थेट तळमजल्यापर्यंत जात असे. पुढे मजले वेगवेगळे विकले गेले, माझी टाकी वेगळी झाली आणि त्या पाइपच्या टोकाला बूच ठोकून सगळे तो विसरून गेले.

“डक्टच्या तळाशी कसं जायचं?” पाशांनी विचारलं.

डक्टच्या तळाशी एकच खिडकी आहे. ती माझ्या न्हाणीघराची आहे.

जाहा खाली आली. माझ्या न्हाणीघरात चार माणसं मावतात, त्यातला एक टबात उभा राहिला तर. त्या दिवशी मंत्रीसाहेब, दोन्ही बाप, पाशा आणि मी आत शिरलो; बाकीचे सूट बोळात आणि माझ्या पलंगावर. दोरीवर माझे बनियन वाळत होते. मंत्रीसाहेबांनी त्यांखालून वाकून, मोठ्या सभ्यतेने, खिडकीच्या गजांना नाक लावलं.

“झाड आहे,” ते म्हणाले.

अंजिराचं झाड. सिमेंटच्या भेगेतून वर आलेलं, माझ्या खिडकीच्या गजांपर्यंत पोचलेलं. मी ते रोज दाढी करताना बघत होतो आणि देवाची करणी म्हणत होतो. कोरड्या डक्टमध्ये अंजीर कोणत्या पाण्यावर वाढतं हा प्रश्न मला पडला नव्हता. मी भूगोल शिकलो आहे.

झाडाच्या मागे भिंतीवरून तो पाइप उतरला होता. बुचाच्या कडेने सुईच्या टोकाएवढी फट पडली होती आणि तिच्यातून दोऱ्यासारखी धार पानांवर पडत होती. आवाज येत नव्हता. इतक्या शांतपणे इमारतीत दुसरं काहीच चालत नाही.

“सापडलं, आता वर चला,” अबू बिशर म्हणाले. ते आत शिरले तसे दाराशीच थांबले होते, खिडकीपर्यंत बघायलाही आले नव्हते.

“थांबा!” अबू मुंतसर खिडकीला चिकटले होते. “टाकी मीटर लांब, मीटर रुंद. अर्धा सेंटीमीटर म्हणजे पाच लिटर. तासाला पाच लिटर, म्हणजे लिटर भरायला बारा मिनिटं. अबू कैस, लिटरची बाटली आहे?”

अबू कैस म्हणजे मी. ऑलिव्ह तेलाची रिकामी बाटली निघाली. पाशांचा हात सगळ्यांत लांब, म्हणून बाटली त्यांनी गजांतून बाहेर धरली. घड्याळ मंत्रीसाहेबांचं लावलं. आम्ही सगळे एका बाटलीकडे बघत होतो. बोळातून कोणीतरी विचारलं, “काय चाललंय आत?” त्याला उत्तर आलं, “मुलगी मागतायत.”

“पाशा, हात हलवू नका,” अबू मुंतसर म्हणाले.

“तोफ धरायला लावली असतीस तर बरं झालं असतं,” पाशा म्हणाले. “तिला निदान काही वेळाने बार तरी निघतो.”

बाटली तोंडोतोंड भरली तेव्हा बारा मिनिटांवर काटा जरासा सरकला होता. तेवढं पाशांच्या हातावरून ओघळलं होतं. अबू मुंतसरांनी बाटली उजेडाकडे धरली. मी लग्नं पाहिली आहेत, निकाल पाहिले आहेत, पण इतका सुखी माणूस पाहिलेला नाही. “अर्धा!” ते म्हणाले. “बरोबर अर्धा! मी म्हणालो होतो!”

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात अबू बिशर नव्हते.

आम्ही वर आलो तेव्हा अबू बिशर दुसऱ्या मजल्यावर थांबलेच नव्हते. बिशर एकटा जिन्यात उभा होता. “अब्बा वर गेलेत,” तो म्हणाला. त्या दुपारी तो पहिल्यांदाच बोलत होता. “म्हणतात, आता त्यांनी दिली तरी आम्ही कॉफी पिणार नाही.”

अबू मुंतसर पायरीवर बसले. बाटली मांडीवर. “आता मी काय करू?” त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी वरच्या पायरीवर येऊन थांबलेल्या रनीमला विचारला.

“मोजलंत बरोबर,” ती म्हणाली. “पण नाव कोणाचं घातलंत? ते परत घ्यावं लागेल. जिथे घातलंत तिथेच, सगळ्यांसमोर.”

“एकटा जाऊ?”

“त्यांना चोर म्हणायला तुम्हाला पंचवीस माणसं लागली. माफी मागायला एक कशी पुरेल?”

आमच्याकडे माफी मागायलाही जाहाच लागते. मुलगी मागायची असो की दोन घरांचं भांडण मिटवायचं असो, रीत एकच: पेला खाली ठेवायचा आणि मागणी मान्य होईपर्यंत प्यायचा नाही. अडचण माणसं गोळा करण्याची असते. त्या दिवशी माणसं गोळा झालेलीच होती, सूट घातलेलेच होते. पाशा भावाची बाजू म्हणून वर गेले, आणि आम्ही बाकी सगळे, जे तासाभरापूर्वी अबू बिशरांचे होतो, अर्धा जिना चढेपर्यंत अबू मुंतसरांचे झालो. मंत्रीसाहेब पुन्हा पुढे.

तिसऱ्या मजल्यावर अबू बिशरांनी दार उघडलं. जाहा दारात उभी असली तर शत्रूही दार उघडतो. आम्ही बसलो. कॉफी आली. मंत्रीसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि तेच भाषण केलं. दोन्ही घराण्यांची थोरवी फक्त उलट्या क्रमाने आली. मग अबू मुंतसर उभे राहिले.

“अबू बिशर,” ते म्हणाले, “आकडे माझे बरोबर होते. ते मी बदलणार नाही. तुझं नाव मी पदरचं घातलं. पाण्याने तुझं नाव घेतलं नव्हतं. मी पंचवीस जणांदेखत तुला चोर म्हणालो, त्यांच्यादेखत सांगतो, तू चोर नाहीस. गणित मला येतं, शेजार येत नाही. मला माफ कर.”

अबू बिशरांनी खिशातून चष्मा काढला.

“तो कागद आणलायस?”

“कोणता?”

“तोच. मी चोर असल्याचा.”

अबू मुंतसरांनी घडी उलगडली. अबू बिशरांनी चष्मा लावला. कागदाच्या माथ्यावर लाल अक्षरांत शीर्षक होतं: ‘तिसऱ्या मजल्याकडून होणाऱ्या चोरीचा वेग’.

“हे खोड,” अबू बिशर म्हणाले.

“मी नवीन कागदावर नीट...”

“नवीन नको. ह्याच्यावरच खोड. सगळे बघतायत तोवर.”

पेन मंत्रीसाहेबांनी दिलं. अबू मुंतसरांनी ‘तिसऱ्या मजल्याकडून होणाऱ्या’ खोडलं. थांबले. ‘चोरीचा’ खोडलं आणि वर ‘गळतीचा’ लिहिलं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या, त्याला स्वतःच्या कागदावर ती मारताना पाहणं सोपं नव्हतं. पण रेघ सरळ आली.

“तुझा तो वेग,” अबू बिशरांनी विचारलं, “खरंच बारा मिनिटांना लिटर भरलं?”

“बरोबर बारा. पाशांचं वगळून.”

अबू बिशर हसले नाहीत. पण त्यांनी मंत्रीसाहेबांच्या पेल्याकडे हात केला. “प्या,” ते म्हणाले. “माफ केलं. आणि खाली जाऊन पुन्हा मागा. चला, मीही येतो.”

आम्ही खाली आलो. मंत्रीसाहेबांना त्या संध्याकाळी आणखी दोन जाहा होत्या, त्यामुळे थोरवी वगळून त्यांनी एका वाक्यात मुलगी मागितली. अबू मुंतसरांनी ते वाक्य पुरं व्हायच्या आत “प्या” म्हटलं. आतून बायकांनी इतका वेळ धरून ठेवलेल्या किलकाऱ्या एकदम सोडल्या. सगळ्यांत वरचा आवाज बिशरच्या आईचा होता. कुनाफा गार झाला होता आणि कोणीही तक्रार केली नाही.

जिन्यात मी बिशर आणि रनीमच्या मागे होतो.

“कागद बघायच्या आधी,” बिशरने हळूच विचारलं, “तुला काय वाटत होतं? आम्ही नेत असू म्हणून?”

“कागद बघायच्या आधी मला काहीच वाटत नव्हतं,” रनीम म्हणाली. “बघितल्यावर मात्र खात्री पटली. सकाळी सहाचा बिंदू पट्टीवर होता. तू सकाळी सहाला कधी काही केलंयस?”

अबू बिशरांनी तो कागद काच लावून घेतला आणि इमारतीच्या मुख्य दाराच्या आत, पत्रपेट्यांच्या वर टांगला. अम्मानमध्ये बातमी जाहेबरोबर पसरते. तिची दुरुस्तीही तेवढीच दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं. येणारे-जाणारे थांबून बघतात. शीर्षकात खाडाखोड आहे आणि खालची अक्षरं बारीक, म्हणून बरेच जण कोणाचा ताप उतरतोय म्हणून चौकशी करतात आणि बरं होण्यासाठी दुवा देतात. रनीम तिथे असली तर पिशवी खाली ठेवून त्यांना समजावते: ताप असा उतरत नाही, ताप कधी घसरतो, कधी अडतो, दर तासाला तेवढंच आणि तेवढंच उतरतं ते माणसाचं नसतं.